मशीन नसतानाही नऊ टक्के

मला मोजायची खोड आहे. गच्चीवरची टाकी किती मिनिटांत भरते, आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगपासून भाजी मार्केटपर्यंत पावलं किती, हे मला तोंडपाठ. एका गणपतीत मी मोदकपात्रात थर्मामीटर घातलेला. मोदक फुटले, आकडा मात्र मिळाला. बायकोनं ते फुटके मोदक मलाच खायला लावले, आणि किती खाल्ले ते तिनं मोजलं.

असल्या फजित्या मी चारचौघांत रंगवून सांगतो. लोक हसतात, मलाही बरं वाटतं. पण एक मोजणी मी आजवर कुणाला धडपणे सांगितलेली नाही. सांगायला घेतली की मध्येच घसा खाकरतो आणि पाणी मागतो. आज लिहितोय, म्हणजे निदान पाणी मागायची सोय नाही.

माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाचं, नोकरी ठाण्यात एका कंपनीच्या खरेदी खात्यात. तीस वर्षांत सोल्डरिंगपेक्षा स्टेपलर जास्त हाताळला. त्यामुळे पन्नाशीत जुना शौक उफाळून आला: अँप्लिफायर गोळा करायचे आणि लॅपटॉप लावून त्यांचं डिस्टॉर्शन मोजायचं. प्रकार सोपा आहे. मशीनच्या आत एक शुद्ध सूर सोडायचा. बाहेरही तोच, फक्त मोठा होऊन यायला हवा. पण प्रत्येक मशीन येताना आपल्या पदरचे दोन-चार सूर त्यात मिसळतं. मूळ सुराच्या मानानं ही भेसळ किती, त्याची टक्केवारी म्हणजे डिस्टॉर्शन. अर्ध्या टक्क्याच्या आत असलं की उत्तम. पाच टक्क्यांवर गेलं की टाळ खणखणत नाहीत, फाटतात.

माझा स्वतःचा, परदेशातून मागवलेला अँप्लिफायर मी मोजलेला. शून्य पूर्णांक शून्य पाच. तो आकडा मी ऑफिसात इतक्या जणांना ऐकवला होता, की एकानं विचारलं, "हे काय, तुझी शुगर का?"

त्याच ऑफिसात एक जण डोंबिवली पश्चिमेच्या खाडीकाठच्या कोळी गावातला. त्यांच्या गावात दर वर्षी हरिनाम सप्ताह. सात दिवस, सात रात्री अखंड भजन, कीर्तन, पहारा. आदल्या वर्षी भाड्यानं आणलेला सेट चौथ्या दिवशी ऐन कीर्तनात तापून बंद पडला आणि महाराजांना पुढचं कीर्तन उघड्या घशानं करावं लागलं. म्हणून गावानं ठरवलं, देवळाचा स्वतःचा सेट असावा. आणि तो गावातल्याच एका मेकॅनिकनं बनवला होता; सगळे त्यांना दादा म्हणत. माझा हा मित्र सप्ताहाच्या कमिटीवर.

"अरे, तू ते मशीनचं मोजतोस ना?" तो डबा खाताना म्हणाला. "आमच्या दादाचा सेट जरा बघ ना. दादा हुशार आहे रे, पण शिकलेला नाही. कमिटीत दोन-तीन म्हातारे म्हणतात, कंपनीचाच घ्या. तू एकदा कागदावर दिलंस ना की सगळे गप."

"देतो की. घरी लॅब आहे आपली."

लॅब म्हणजे बाल्कनीतलं इस्त्रीचं टेबल.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. त्या महिन्यात आमच्या वरच्या मजल्यावर लाद्या फोडत होते आणि आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करायचो. मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे युद्ध चालू आहे का?" तेव्हा मी लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये शिरून एक बटण चालू केलं: माइकमधून येणारा फालतू आवाज गाळून टाकणारं. लाद्या गप्प झाल्या. साहेब खूश. मी बटण विसरून गेलो. तुम्ही विसरू नका.

रविवारी सकाळी लॅपटॉप, वायरी आणि मोठमोठे रेझिस्टर घेऊन मी खाडीकडे उतरलो. दादांचं घर अगदी शेवटच्या आळीत. ओटीवर एका बाजूला जाळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला त्यांचं वर्कशॉप. वय साठीच्या पुढचं, अंगात बनियन, कानावर पेन्सिल. त्यांनी सेटवरचं फडकं काढलं तेव्हा मी मनातून जरा चपापलो. आतली एकूण एक वायर धाग्यानं बांधलेली. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे जाडजूड पंखे, म्हणजे फिरणारे नव्हेत, नुसत्या पात्या, भंगारातून आणून कानशीनं घासलेले, उष्णता बाहेर टाकायला.

"बस भाऊ," ते म्हणाले. "च्या घे पयला."

"तुम्ही टेस्ट कसा करता, दादा?"

"टालांची कॅसेट लावतो नि तिकरं खारीवर जाऊन उभा ऱ्हातो. टाल चिरला नाय, म्हंजे झाला."

मी हसलो. ते हसू आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात.

सप्ताहात लागतो तेवढ्या आवाजाला आख्खं गाव गोळा झालं असतं, म्हणून मी स्पीकरऐवजी रेझिस्टर लावले आणि ते तापू नयेत म्हणून पाण्याच्या बादलीत सोडले. दादांच्या मंडळी दारात येऊन बघत राहिल्या.

"पान्यात काय उकरतं?"

"रेझिस्टर आहेत, काकी."

"मीठ टाकलास का?"

मी मान खाली घालून सूर सोडला. पहिला आकडा आला शून्य पूर्णांक शून्य आठ. माझ्या परदेशी अँप्लिफायरच्या जवळपास! मला आनंद व्हायला हवा होता. खरं सांगतो, झाला नाही. बोचलं कुठेतरी. आणि तेवढ्यात आकडा चढायला लागला. एक. तीन. सहा. दहा-बारा सेकंदांत नऊ टक्क्यांवर जाऊन बसला.

सूर बंद केला, पुन्हा सोडला. पुन्हा शून्य पूर्णांक शून्य आठ, आणि पुन्हा चढत चढत नऊ. आवाज निम्मा केला. तरी तेच.

आता ज्याच्या डोक्यात मेंदू आहे तो इथे थांबला असता. मशीन गरम होऊन बिघडत असेल, तर आवाज निम्मा केल्यावर कमी बिघडायला हवं. आणि बंद करून लगेच चालू केल्यावर ते पहिल्यासारखं सुधारतं कसं? दोन किलोचं ॲल्युमिनियम दोन सेकंदांत थंड होत नाही, हे चहाचं पातेलं उतरवलेल्या कुणालाही माहीत असतं. पण माझ्या मनात आदल्या वर्षी तापून बंद पडलेला सेट घट्ट बसलेला. थंड असताना बरं, तापलं की बिघडतं. भंगारातले पंखे, दुसरं काय होणार? मी निकाल आधी लिहिला आणि आकडे त्याच्याखाली सही करायला बोलावले.

"काय म्हनतंय?" दादांनी विचारलं.

"घरी जाऊन नीट अभ्यास करतो आणि सांगतो."

मला तिथेच सांगता आलं असतं. समोर माणूस उभा होता, हातात चहाचा कप घेऊन. पण मला तो आकडा त्या ओटीवर वाया घालवायचा नव्हता. मला त्याचा रंगीत प्रिंट काढायचा होता.

पुढच्या रविवारी देवळाच्या सभामंडपात कमिटी बसली. वीसेक माणसं, कडेला सात-आठ म्हाताऱ्या. दादाही आलेले, इस्त्रीचा शर्ट घालून. मी आलेख वाटले. वर चढणारी रेघ मी मुद्दाम लाल ठेवलेली. "ही सेटची तब्येत," मी म्हणालो, "दहा सेकंदांत ही अवस्था, तर सात दिवसांत काय होईल ते तुम्हीच बघा." हे वाक्य मी येताना रिक्षात पाठ केलेलं.

कागद हातोहात फिरला. एका म्हाताऱ्यानं तो उलटा धरून मान हलवली. दादांनी बराच वेळ बघितला. मग उठून सेटजवळ गेले. सकाळपासून तो तिथे चालूच ठेवला होता त्यांनी. पंख्यावर तळवा टेकवून म्हणाले, "इकरं ये भाऊ. हात लाव. गरम हाय का?"

मी जागचा हललो नाही. म्हणालो, "दादा, हाताला नाही कळत ते. आकड्याला कळतं."

कुणीतरी हसलं. दादांनी हात काढला, धोतराला नव्हे, त्या इस्त्रीच्या शर्टालाच पुसला, आणि वायरी गुंडाळायला लागले. कमिटीनं कंपनीचा सेट घ्यायचं ठरवलं. माझा मित्र मला रिक्षापर्यंत सोडायला आला, पण नेहमीसारखी बडबड केली नाही. मी मात्र खुशीत होतो. सात दिवसांचा सप्ताह वाचवला म्हणून घरी येऊन आंबरस मागितला.

दोन आठवडे गेले. बायको ठाण्याच्या एका बाईंकडे गाणं शिकते. पूर्वी जायची, आता शनिवारी सकाळी माझ्या लॅपटॉपवरून. त्या शनिवारी मी पेपर वाचत होतो आणि आतून बाईंचा आवाज येत होता.

"अहो, सूरपेटी बंद का करता तुम्ही सारखी?"

"बंद नाही केली हो बाई. चालू आहे, हे बघा."

"मला नाही ऐकू येत. लावली की क्षणभर येते आणि जाते."

क्लास संपल्यावर बायको तणतणत बाहेर आली. "महिना झाला हे चाललंय. पेटीचा अडॅप्टर बदलला, पेटी दुकानात दाखवून आणली. ठणठणीत आहे. तुझ्या लॅपटॉपला सूरपेटी आवडत नाही, बाकी काही नाही."

"पेटीच बिघडली असेल. आण, मोजून देतो," मी म्हणालो. आकड्यांचा माणूस ना.

पेटी लॅपटॉपसमोर ठेवली, रेकॉर्ड केलं, ऐकलं. दोन सेकंद षड्ज भरून आला. मग कुणी उशी दाबावी तसा विरत गेला आणि उरली नुसती खरखर. बायको मध्ये "काय झालं?" म्हणाली, तो तिचा आवाज मात्र स्वच्छ. पुन्हा लावलं. पुन्हा दोन सेकंद, मग खाली.

दोन सेकंद बरं. मग खराब. बंद करून लावलं की पुन्हा बरं.

मी लॅपटॉपचं सेटिंग उघडलं. ते बटण. बोलणाऱ्या माणसाचा आवाज वरखाली होतो, म्हणून त्याला ते सोडतं. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे त्याच्या मते पंखा, मिक्सर, लाद्या फोडायचं मशीन; तो आवाज ते गाळतं. आणि मी दादांच्या मशीनमध्ये सोडलेला, वायरीनं लॅपटॉपच्या माइकच्याच भोकात परत येणारा सूर तर सूरपेटीहून एकसारखा. बटणानं मूळ सूरच गिळला, तळाची खरखर तेवढी उरली, आणि तिची टक्केवारी काढून मी आलेख वाटले. माझा परदेशी अँप्लिफायर मी मोजलेला तो बटण चालू करण्याच्या आधी.

तरी मनाला एक आशा. मी एक वायर घेतली आणि लॅपटॉपच्याच हेडफोनच्या भोकातून त्याच्याच माइकच्या भोकात घातली. मध्ये अँप्लिफायर नाही, काही नाही. सूर सोडला. एक. तीन. सहा. नऊ.

बटण बंद केलं. शून्य पूर्णांक शून्य चार.

ही वायर लावायला अर्धं मिनिट लागतं. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात: आधी मोजणाऱ्याला मोज, मग बाकीच्यांना. मी ते अर्धं मिनिट वाचवलेलं.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग जा ना आत्ताच. सांगून ये."

"जाणारच गं. पण पद्धतशीर जायला हवं."

"पद्धतशीर म्हणजे?"

पद्धतशीर म्हणजे मी तीन दिवस कुठेच गेलो नाही आणि एक डाव रचला. लाजेला डोकं फार असतं. डाव असा: दादांकडे जायचं, म्हणायचं, मी अभ्यास केलाय, तुमचा एक कपॅसिटर कमजोर वाटतो. तो ते बदलतील. मग मी बटण बंद करून मोजणार. आकडा उत्तम येणार. दादांचा सेट चांगला ठरणार, माझा आलेखही खोटा ठरणार नाही, सप्ताहाला अजून आठ दिवस आहेत, सगळं गोड. बायको एवढंच म्हणाली, "ताप तुला, आणि इंजेक्शन त्यांना?"

मंगळवारी रजा टाकून गेलो. ओटीवर पाऊल टाकलं आणि बघितलं तर एकाऐवजी तीन सेट उघडे पडलेले. आतडी बाहेर काढल्यासारखे. पंखे सोडवलेले, धागे कापलेले. दादा मध्ये बसलेले, चष्म्यावर भिंग लावून.

"ये," ते म्हणाले. "बरा झाला आलास. दोन हफ्ते शोधतोय, सापरत नाय."

"हे दुसरे दोन कुणाचे?"

"यो दिवा गावच्या हॉलचा. तो मोहने गावच्या भजनवाल्यांचा. शेम डिझाइन हाय ना, मंग यांच्यात पन तोच फॉल्ट आसनार. मीच फोन करून परत मागवलं." त्यांनी चष्मा काढला. "भाऊ, मना तर काय ऐकू येत नाय रे. टाल बरोबर वाजतं. खारीवर जाऊन ऐकला, होरीतून लांब जाऊन ऐकला. मंग मना वाटला, कानच गेलं माजं. वय झाला. वरचा सूर ऐकू येत नसंल. नि मना कल्लाच नाय. किती वर्सं लोकांना खराब मशीन देत आलो, काय म्हायत." मग जरा थांबून, "हे दोन नीट करून देतो नि बंद करतो. जाली इनायला कान नाय लागत."

हे ऐकून माणूस काय करेल? पाया पडेल, खरं सांगेल. मी काय केलं ते लिहितो. मी म्हणालो, "दादा, मला वाटतं एखादा कपॅसिटर असेल."

"कुठला?"

"हा... हा इथला." मी बोट ठेवलं. कुठेतरी ठेवायला हवं होतं.

त्यांनी तिथल्या तिथे देवळाचा सेट जोडायला घेतला. तासभर गेला. मी समोर बसून बघत होतो. तो एवढासा कपॅसिटर त्यांनी इतक्या जपून काढला, जणू जखमेतला काटा. नवा लावला. मी रेझिस्टर बादलीत सोडले, सूर सोडला. शून्य पूर्णांक शून्य आठ. दहा सेकंद. वीस. मिनिट झालं. आकडा हलला नाही.

दादांनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ओरडले, "अगो, सापरला! सापरला गो!"

काकी धावत बाहेर आल्या. "मी बोल्ले नव्हती? देवाला काल्जी." त्यांनी मला बसवून घेतलं, बोंबलाची चटणी आणि भाकरी आणली. दादांनी कानावरची पेन्सिल घेऊन वहीत त्या कपॅसिटरचा नंबर लिहिला आणि त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. मग म्हणाले, "आता ह्या दोन्यांत बदलतो. नि मंग बाकीचं अकरा हायत गावागावांत. एकेकाच्या घरी जाऊन फुकट बदलून देनार. माजी चूक, मी भरनार." आणि फोन उचलून मोहन्याला लावला. "हां, मीच बोलतो. फॉल्ट सापरला बरं का! माजाच पार्ट खराब व्हता..."

भाकरीचा घास माझ्या तोंडात होता.

"दादा, फोन ठेवा."

"अरे, दोन मिनिट..."

"ठेवा फोन. तुमचा पार्ट खराब नव्हता. काहीच खराब नव्हतं. माझा लॅपटॉप खराब आहे. म्हणजे लॅपटॉपही नाही. मी."

त्यांनी फोन ठेवला. मी सगळं सांगितलं, लाद्यांपासून सूरपेटीपर्यंत. सांगताना मी माझ्या सवयीनं ते जरा मजेशीर करून सांगत होतो, साहेबांचं युद्धबिद्ध. कुणी हसत नव्हतं.

"दाखव," दादा म्हणाले.

मी एका भोकातून दुसऱ्या भोकात वायर घातली. बटण चालू. नऊ. बटण बंद. शून्य पूर्णांक शून्य चार. त्यांनी तीनदा करायला लावलं. तिसऱ्यांदा बटण त्यांनी स्वतः दाबलं. मग खाडीकडे तोंड करून बसले.

"म्हंजे माजं कान बरं हायत," ते म्हणाले.

"हो दादा."

"तुला कवापास्नं म्हायत?"

"शनिवारपासून."

"आज मंगलवार."

"हो."

"नि तो कपॅसिटर?"

मी वायर गुंडाळायला लागलो.

"उगाच?"

"उगाच."

त्यांनी सोल्डरिंग आयर्न गरम करून नवा कपॅसिटर काढला आणि जुना परत बसवला. काकींनी माझ्यासमोरची ताटली उचलली नाही, पण तांब्यातलं पाणीही भरलं नाही. आयर्न खाली ठेवून दादांनी फोन पुन्हा लावला आणि माझ्या हातात दिला. "घे. तूच बोल."

पलीकडे मोहन्याचे भजनवाले. "कोण तुम्ही?"

"मी... मोजणारा. म्हणजे दादांच्या मशीनमध्ये फॉल्ट आहे असं सांगणारा तो मी. फॉल्ट नाहीये."

"मग आमचं मशीन का उचलून नेलंय? दोन एकादश्या आम्ही कोरड्या घशानं गायलो!"

दिव्याच्या हॉलवाल्यानं तर हिंदीत ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. दादा शेजारी बसून दोन्ही संभाषणं पूर्ण ऐकत होते. मग म्हणाले, "आनि देवलात जिथं उभा राहून बोल्लास ना, तिथंच उभा राहून बोलायचा. मना एकट्याला सांगून नाय चालनार."

रविवारी मी उभा राहिलो. तेच लोक, त्याच म्हाताऱ्या. या वेळी रिक्षात काही पाठ केलेलं नव्हतं. वायर लावून दाखवली, लाल रेघ चढली.

कडेच्या एका म्हातारीनं विचारलं, "नि यात मशीन कुठं हाय?"

"मशीन नाहीच आजी."

"मशीन नाय तरी मशीन खराब?"

सभामंडप हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मी हसवणारा माणूस. एवढं हसू मला एरवी कधी मिळालं नव्हतं. माझा मित्र तेवढा जमिनीकडे बघत होता. गावात त्यानंच मला आणलेलं.

मी म्हणालो, दादांचा सेट लावा. कमिटीच्या अध्यक्षांनी मान हलवली. "कंपनीचा सेट आला बुधवारी. पूजा झाली, नारल फुटला त्याच्यासमोर. नारल फुटल्यावर वस्तू देवाची. परत कशी करनार?" मग दादांकडे वळून म्हणाले, "राग मानू नको. पुरच्या साली बघू."

दादांनी हात जोडले. माझ्या नव्हे, देवाच्या दिशेनं.

सप्ताह बसला. मी रोज ऑफिसातून थेट तिथे जायचो. लोकांना वाटायचं, बघा, पश्चात्तापानं माणूस भजनाला लागला. मी खांबाला टेकून बसायचो आणि मनात एकच जप: बंद पड. कंपनीचा सेट बंद पडावा, धूर निघावा, मग कुणीतरी धावत शेवटच्या आळीत जाईल, दादा आपला सेट घेऊन येतील, आणि माझ्या हातून झालेलं सगळं आपोआप धुतलं जाईल. समोर विठ्ठलाचा फोटो, आणि मी एका निरपराध मशीनचं वाईट चिंतत होतो. चौथ्या दिवशी जरा घरघर आली तेव्हा मी आशेनं उठून उभा राहिलो. महाराजांनी माइक हातानं झटकला, घरघर गेली. सातही दिवस तो सेट उत्तम चालला. दादा रोज पहाऱ्याला उभे असायचे, गळ्यात वीणा, डोळे मिटलेले. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. टाळलं असंही नाही. नुसतं बघितलं नाही.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन झालं आणि पंगती बसल्या. मी तिसऱ्या पंगतीत, मित्राच्या शेजारी. दादा डाळीची बादली घेऊन वाढत येत होते. प्रत्येकाला हाक मारून: "ए अण्णा, घे", "आत्ते, भात संपव पयला." माझ्यापाशी आले आणि म्हणाले, "साहेब, डाल?"

एवढे दिवस मी भाऊ होतो. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, साहेब कशाला? माफी मागितली ना मी. सगळ्यांसमोर मागितली."

पळी बादलीतच थांबली. "मागितलीस. आकरा चुकला, त्याची मागितलीस. आकरा कुनाचाबी चुकतो." ते वाकले, आवाज इतका खाली, की शेजारी मित्रालाही जेमतेम ऐकू गेलं असेल. "त्या दिवशी माज्या ओटीवर च्या प्यालास. मी इचारला, काय म्हनतंय. तवाच सांगायचा व्हता. भाऊ घरात सांगतो. देवलात कागद वाटतो तो साहेब."

मी भातात आळं केलं. त्यांनी माझ्या भातावर डाळ घातली, भातात मावली त्याहून एक पळी जास्त, आणि पुढच्या पानाकडे सरकले. "ए बाला, तुना पायजे का?"